समोर माणूस असलं की

रिक्षावाल्याला "इथं थांबवा" असं सांगता न येणं हा आजार असू शकतो, हे मला बरीच वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. विद्यापीठाच्या गेटपासून पिंप्राळ्याला मी शेअर रिक्षानं यायचे. आमची गल्ली जवळ आली की तोंड उघडायचं, आवाज निघायचा नाही. मग दुसरं कुणी जिथं उतरेल तिथं मीही उतरायचे आणि उन्हातून मागं चालत यायचे. कधी सगळे पुढं जाणारे असले की मीही शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे. जळगावचं एप्रिल-मे मधलं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना या चालण्याची किंमत कळेल. घामाघूम होऊन घरी आले की माझी आत्या, अक्का, तिच्या अहिराणीत विचारायची, "कथा फिरी उनी वं?" कुठं फिरून आलीस, या प्रश्नाला मी नुसती मान हलवायचे. मान हलवणं हे माझं मुख्य संभाषण होतं.

मी पूर्ण बरी झाले आहे असा दावा नाही. गोळी चालू आहे, समुपदेशक ताईंकडे जाणंही चालू आहे. पण हजेरीला नुसतं "प्रेझेंट" म्हणायच्या आधी ज्यांचे तळहात ओले होतात, मेसच्या बाईला "अजून एक पोळी द्या" म्हणण्यापेक्षा जे अर्धपोटी उठतात, त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर त्याला कळावं की आपण एकटे नाही आहोत. मला ते कळायला फार वेळ लागला.

दुसरी मेघना

माझं बालपण दीपनगरच्या वसाहतीत गेलं. पप्पा वीज केंद्रात आहेत. एम.एस्सी.साठी जळगावला आले आणि पप्पांच्या मोठ्या बहिणीकडे, म्हणजे अक्काकडे राहू लागले. अक्काचा मुलगा नोकरीला बाहेरगावी, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. बोलायची सगळी जबाबदारी अक्कानं आनंदानं उचलली होती.

वर्गात मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे, कारण शेवटच्या बाकाकडे सरांचं लक्ष असतं. शेजारच्या मुलीला शंका विचारायची तर व्हॉट्सॲपवर विचारायचे. ती माझ्याकडे बघायची, मग मोबाईलकडे बघायची आणि मोबाईलवरच उत्तर द्यायची. बिचारीनं कधी कारण विचारलं नाही.

मोबाईलमध्ये मात्र दुसरीच मेघना राहायची. खानदेशातल्या रसायनशास्त्राच्या मुलांचा एक ग्रुप होता, सेट-नेटच्या तयारीचा. तिथं मी म्हणजे हजरजबाबी बाई. कुणाला अभिक्रियेची यंत्रणा समजली नाही की मी कागदावर काढून फोटो टाकायचे, कुणी उगाच शहाणपणा केला तर दोन ओळींत त्याची जिरवायचे. लोक हसण्याची चिन्हं पाठवायचे. माझ्या प्रोफाइलवर माझा नाही, मांजराचा फोटो होता. ग्रुपमधल्या कुणालाही मी रस्त्यात धडकले असते तरी ओळखू आले नसते, आणि मला तेच हवं होतं.

त्याच ग्रुपवर प्रियंका भेटली. धुळ्याची, तिथंच एम.एस्सी. करणारी. अभ्यासावरून सुरू झालेलं बोलणं हळूहळू सगळ्यावर गेलं. तिच्या वडिलांचं चहात बिस्किट बुडवून विसरणं, तिच्या आईचं भांडण झालं की भांडी जोरात घासणं, हे सगळं मला ठाऊक होतं. ती स्वतःचे फोटो पाठवायची. मी मांजराचे पाठवायचे. एकदा तिनं फोन केला. मी तो वाजताना बघत बसले आणि बंद झाल्यावर लिहिलं, "इथं रेंज नाही गं." दुसऱ्यांदा तसंच. हिवाळ्यात तिनं त्यांच्या शेतावर भरीत पार्टीला बोलावलं, तर मला नेमकी परीक्षा निघाली. त्यानंतर तिनं फोन केला नाही, बोलावलंही नाही, आणि का ते विचारलंही नाही. लिहीत मात्र राहिली. सख्खी म्हणावी अशी माझी ती एकटीच मैत्रीण, आणि तिनं माझा आवाज ऐकलेला नव्हता.

सेमिनार

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला सेमिनार द्यायचा होता. माझी तयारी इतकी झाली होती की झोपेतही बोलले असते. झोपेत समोर कुणी नसतं, एवढाच फरक.

पहिली स्लाइड लागली. हातातल्या पॉइंटरचा लाल ठिपका पडद्यावर थयथय नाचू लागला. मुलांना वाटलं मी गंमत करतेय, ती हसली. मी तोंड उघडलं आणि नेहमीचंच झालं. पॉइंटर टेबलावर ठेवून मी बाहेर पडले, वॉशरूममध्ये जाऊन कडी लावली आणि तिथून वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं, "क्षमस्व, अचानक तब्येत बिघडली." स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं जागच्या जागी.

आमच्या मॅडम दाराबाहेर येऊन उभ्या राहिल्या. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मेघना, सेमिनारचं नंतर बघू. तू आधी एका डॉक्टरांना भेट. माझा भाचाही त्यांच्याकडे जायचा." त्यांनी भाच्याचं सांगितलं नसतं तर मी गेले नसते.

निदान

डॉक्टर मानसोपचाराचे, म्हणून मी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळून गेले. जळगावात उन्हासाठी मुली स्कार्फ बांधतातच, त्यामुळे कुणाला वेगळं वाटत नाही. आत गेले तर अर्ध्याअधिक बायका तशाच बसलेल्या. समोर आमच्याच कॉलनीतल्या एक काकू होत्या. स्कार्फ असूनही त्यांनी मला ओळखलं, मी त्यांना. दोघींनी एकदमच पंख्याकडे बघितलं. तेव्हापासून आम्ही गल्लीत भेटलो की एकमेकींकडे बघून जरा जास्तच मनापासून हसतो.

डॉक्टरांनी "काय त्रास होतो?" असं विचारलं आणि माझी दातखीळ बसली. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "लिहून सांगणं सोपं जाईल का?" मी मोबाईल काढला आणि लिहीत सुटले. रिक्षा, विद्यापीठातली मेस, हजेरी, फोन. बोट थांबेना. त्यांनी स्क्रीन हातात घेऊन शांतपणे सगळं वाचलं आणि म्हणाले, "याला नाव आहे. सोशल अँग्झायटी. लोकांसमोर आपलं हसं होईल ही भीती माणसाचं जगणंच अडवायला लागली की तो आजार होतो. आणि याच्यावर उपचार आहेत."

मी रडले. नाव कळलं म्हणून रडले. इतकी वर्षं मला वाटत होतं की हा माझा स्वभावच भिकार आहे.

घरचे

अक्काला सांगितलं तेव्हा ती ज्वारीची भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "लाज वाटनी म्हंजे काय रोग शे का? मंग आमना काळमा बठ्ठ्या बाया आजारीच व्हत्यात म्हन." सगळ्याच बाया आजारी, या विचारानं मला हसू आलं. आता वाटतं, काही खरंच असतील.

मम्मीला ते लागलं. लहानपणापासून मी तिचा अभिमान होते. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, पोरगी किती गरीब आहे, तोंड वर करून बोलत नाही. मम्मीचा चेहरा फुलायचा. ज्या गुणाबद्दल तिला शाबासकी मिळाली तोच आता आजार निघाला होता. "माझ्या मुलीला काही झालेलं नाही," असं ती फोनवर म्हणत राहिली. त्या म्हणण्याचं मला अजून वाईट वाटतं.

पप्पांनी गुन्हेगार लगेच शोधला. "सगळं त्या मोबाईलनं झालं," म्हणाले आणि रविवारी येऊन माझा फोन काढून घेतला, बटणांचा साधा फोन हातात ठेवला. त्यांना वाटलं, ऑनलाइन बोलणं बंद झालं की पोरगी आपोआप समोरासमोर बोलेल. झालं उलटंच. मी ऑनलाइनही बोलेना आणि समोरही बोलेना. जेवण तुटलं. सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटेना. अक्कानंच शेवटी भावाला झापलं, "आंधळानी काठी हिसकीसन त्याले दिसाले लागस का रे?"

पप्पा मला घेऊन डॉक्टरांकडे आले. डॉक्टरांनी त्यांना समजावलं की फोनमुळे आजार झालेला नाही, आजारामुळे ती फोनमध्ये जाऊन बसलीय. तिथून एकेक पाऊल बाहेर यायचं, घाई न करता. पप्पा बराच वेळ ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "आमच्याकडे बंद पडलेला वीजनिर्मितीचा संच चालू केला की लोड टप्प्याटप्प्यानं घेतात. एकदम टाकला तर पुन्हा ट्रिप होतो, बंद पडतो."

"अगदी तेच," डॉक्टर म्हणाले.

घरी जाताना पप्पांनी फोन परत दिला. माफी वगैरे मागितली नाही, पण चार्ज करून दिला होता.

टप्पे

गोळ्यांनी पहिले काही दिवस तोंड कोरडं पडायचं आणि झोप यायची. असं झालं तर डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका, एवढंच त्याबद्दल सांगते. दर आठवड्याला समुपदेशक ताईंकडे बसायचं असायचं. त्या मला छोटी छोटी कामं द्यायच्या. भाजीवाल्याला मेथीचा भाव विचारायचा, घ्यायची नसली तरी. दुकानात जाऊन सुटे मागायचे. जमलं नाही तर काय झालं ते येऊन सांगायचं.

पहिलं मोठं काम रिक्षा थांबवायचं. गल्ली यायच्या कितीतरी आधीपासून मी मनात शब्द घोळवत होते. ऐनवेळी "थांबवा" इतक्या मोठ्यानं निघालं की रिक्षावाल्यानं कचकन ब्रेक मारला, शेजारच्या मावशींची पिशवी खाली पडली, टोमॅटो गडगडले. "काय झालं ताई, कोणी आडवं आलं का?" तो विचारू लागला. वर गल्लीही माझी नव्हती, अजून पुढं होती. पण आता मागं फिरणं शक्य नव्हतं. मी टोमॅटो गोळा करून दिले, उतरले आणि पुढचा रस्ता चालत आले. त्या दिवशी ऊन लागलं नाही.

प्रियंकाला हे सगळं लिहून सांगितलं. आजाराचं नावही. तिनं लिहिलं, "मला वाटलं होतं काहीतरी असेल. तुला जमेल तेव्हा ये. मी कुठं जात नाहीये." मी तो मेसेज स्टार करून ठेवला.

धुळे

प्रियंकाचे वडील अचानक गेले. सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले आणि वाटेतच हृदयविकाराचा झटका आला. ग्रुपवर फोटो आणि घरचा पत्ता आला आणि त्याखाली भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली, एकाचं बघून दुसऱ्यानं टाकलेली. मी तसं केलं नाही. तिला वेगळा, लांबलचक मेसेज लिहिला. बिस्किटाचंही लिहिलं. आजवर लिहिलेल्यात तो सगळ्यात चांगला होता. तिनं वाचला, निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

मी पुन्हा लिहिलं. जेवलीस का, झोपलीस का. पुढचे मेसेज तर तिनं उघडलेही नाहीत. दिवस जात होते आणि मला एकच भीती वाटत होती, की ही आता माझ्यापासून सुटली. माझ्याकडे तिला द्यायला शब्दच होते, आणि ते तिला नको होते.

अक्कानं माझं तोंड बघून विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "टाईप करीसन काय व्हस? दारवर जानं पडस."

कुणाच्या घरी माणूस गेलं की आमच्याकडे त्या घरी भेटायला जातात, त्याला दारावर जाणं म्हणतात. न गेलेलं माणूस लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. मी म्हटलं, "अक्का, मी तिथं जाऊन काय बोलू?"

"तठे कोन बोलस? जावानं, बसानं, उठीसन निंघी येवानं. 'येस' बी म्हनानं नही."

हे मला माहीत होतं, पण असं कधी लक्षात आलं नव्हतं. अख्ख्या जगात एक जागा अशी होती जिथं गेल्यावर "कसे आहात" विचारायचं नसतं, "चहा नको" म्हणायचं नसतं, निघताना 'येते' म्हणून निरोपही घ्यायचा नसतो. हा रिवाज पाडणारी बाई माझ्यासारखीच असावी.

माझ्या सोबतीला पप्पा रविवारी आले. आम्ही बसनं निघालो. एरंडोल गेलं तोवर माझे हात गार पडले होते. पप्पांनी ते पाहिलं असावं. खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "वाटलं तर पारोळ्याला उतरू. परत जाऊ. काही बिघडत नाही." पारोळा आलं. लोक चढले, उतरले. मी खिडकीची दांडी धरून बसून राहिले. बस सुटली तेव्हा पप्पांनी माझ्या पाठीवर नुसता हात ठेवला.

घरापुढं ताडपत्री ताणली होती. पुरुष बाहेर सतरंजीवर, बायका आत. पप्पा बाहेर बसले. मी चपला काढून आत गेले आणि दाराजवळच्या भिंतीला टेकले. वडिलांच्या फोटोपुढं दिवा होता. प्रियंका आईला खेटून बसली होती. फोटोत दिसायची त्यापेक्षा बारीक, केस कसेतरी बांधलेले. तिनं माझ्याकडे बघितलं. अनोळखी माणसाकडे बघतात तसं, आदरानं, आणि नजर दुसरीकडे वळवली.

माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी तिला ओळखत होते. ती मला ओळखत नव्हती.

"कोन शे वं ही?" माझ्या बाजूची एक आजी कुजबुजली. "कॉलेजनी व्हई," दुसरी म्हणाली. मी मान हलवली. दोघींचं समाधान झालं.

मी ओढणीखाली मोबाईल धरला आणि लिहिलं, "मी आलेय. दाराजवळ बसलेय." फोटोशेजारच्या बोर्डाला एक फोन चार्जिंगला लावलेला होता. त्याची स्क्रीन उजळली. माझं नाव मला इथून वाचता येत होतं. थोडा वेळ उजेड राहिला, मग विझला. तिकडे कुणी पाहिलंच नाही.

बायका एकेक करून उठू लागल्या. पदर सावरायच्या, न बोलता बाहेर पडायच्या. बाहेर पप्पाही उठल्याचं दिसलं. मीही उठून गेले असते तर मला कुणी नावं ठेवली नसती. रिवाजानं मी येऊन गेले होते, सगळं रीतसर झालं होतं. फक्त प्रियंकाला ते तिथं कळलं नसतं. कळलं असतं मोबाईलवर, रात्री केव्हातरी, आणि तिला वाटलं असतं की ही माझ्यासमोर बसून गेली आणि मला हाकही मारली नाही.

मी उठले आणि दाराकडे न जाता तिच्याकडे गेले. खाली बसले. तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. तिनं मान वर केली.

"प्रियंका," मी म्हटलं. आवाज फाटका, किरटा, कुणा भलत्याच बाईचा वाटला. "मी मेघना."

ती बघत राहिली. माझ्या तोंडाकडे, मग हातांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. तिची आईही बघू लागली. मागच्या बायका थबकल्या. सगळी खोली माझ्याकडे बघत होती आणि मला पळून जावंसं वाटत होतं. प्रियंकानं माझं मनगट घट्ट धरलं.

माझ्याशी ती नेहमी शहरी मराठीत लिहायची. आता घरच्या बोलीत बोलली, एकेक शब्द ओढून काढल्यासारखी. "बठ्ठा येतस, बसतस, निंघी जातस. इतला दिवस झायात, मनासंगे कोनीच बोलत नही." तिनं माझं मनगट ओढलं. "तू बोल."

मला त्या घरात हवी होती ती शांतता तिला इतके दिवस खात होती.

मग मी बोलले. काय बोलले ते धड आठवत नाही. बहुतेक बसचं सांगितलं, एरंडोलला कसे हात गार पडले ते सांगितलं. मध्येच अडखळले, पुन्हा सुरू केलं. तिच्या वडिलांबद्दल विचारलं आणि ती रडत रडत सांगू लागली, मग मी काहीतरी म्हटलं, मग ती. पप्पा दारात येऊन एकदा डोकावले आणि परत जाऊन सतरंजीवर बसले. त्या दिवशी त्यांना बराच वेळ बसावं लागलं.